अकरावा दिवस

आमच्या चिरंजीवांचा खोकला शांतताप्रिय आहे. घरात मिक्सर चालू असतो, खाली कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरलेला असतो, टीव्हीवर कार्टून किंचाळत असतं, तेव्हा तो फिरकत नाही. चारशे माणसं गप्प बसली की मात्र हमखास हजर.

परवा बालनाट्याला गेलो होतो. तिसरी घंटा झाली, दिवे गेले आणि नेहमीची घोषणा झाली: मोबाइल बंद ठेवा, मूल रडायला लागल्यास बाहेर घेऊन जा. रडण्याची घोषणा असते, खोकण्याची नसते, आणि त्याच फटीतून आम्ही आत शिरलो होतो. पडदा वर गेला. राक्षस चवड्यांवर चालत राजकन्येच्या मागे येऊ लागला, सगळी पोरं श्वास रोखून बसली, आणि आमच्या रांगेतून असा खणखणीत ठसका उठला की राक्षसानेच मागे वळून पाहिलं.

मी पर्समधून खडीसाखरेची पुडी काढली. प्लास्टिकची पुडी अंधारात उघडणं हा खोकल्यापेक्षा मोठा गुन्हा आहे हे तेव्हा कळलं. खोकला निदान थांबून थांबून येतो, पुडी सलग कुरकुरते. शेवटी सहा जणांचे गुडघे ओलांडत, दर गुडघ्याला एक ‘सॉरी’ देत बाहेर आलो. दारावरच्या काकांनी स्टूल पुढे सरकवलं. पोराची नजर वड्यांच्या काउंटरकडे गेली तसे म्हणाले, “वडा नका देऊ हां ताई. तेलकट आहे, घसा धरेल.”

आपल्याकडे खोकणाऱ्या मुलाला घेऊन बाहेर जा असं कुणी म्हणत नाही, फक्त उपाय सांगतात. त्यामुळे समोरच्याला खरोखर काळजी वाटतेय की आपण उठून जावंसं वाटतेय, हे ओळखणं महाकठीण. “खिडकीत नका बसवू, वारा लागेल” म्हणजे वारा लागेल, की माझ्या बाजूला नको? “झोपला असता हो घरी” म्हणजे माया, की टोमणा? सहा वर्षं आई असूनही मला यातलं निम्मंच कळतं.

त्याच दिवशी परतताना एसी लोकल सोडली. बंद डब्यात तोच श्वास सगळ्यांनी वाटून घ्यायचा, त्यात आमचा वाटा नको म्हटलं. साध्या गाडीच्या लेडीज डब्यात चढलो. पोरगं हल्ली वाचायला शिकलंय, त्यामुळे दुकानांच्या पाट्या, ‘थुंकू नये’, सगळं मोठ्याने. फलाटावर क्षयरोगाचं पोस्टर होतं. ‘दोन आठ-वड्यां-पेक्षा जास्त खो-कला’ एवढं त्याने अक्षर लावून वाचलं आणि गाडी सुटल्यावर, डबा गच्च भरलेला असताना विचारलं, “आई, माझे किती दिवस झाले?”

“अकरा,” मी म्हणाले. जरा मोठ्यानेच, म्हणजे चौथ्या सीटपर्यंत जाईल असं. “आणि कोरडा आहे. ताप नाही. डॉक्टरांना दाखवलंय.”

हे निवेदन मी आता झोपेतही देऊ शकते. त्यावर समोरच्या बाईंनी ज्येष्ठमध सुचवलं, दारातल्या मुलीने अडुळसा, आणि भाजी निवडत बसलेल्या आजींनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकायला सांगितली. “आणि टोपी कुठाय त्याची?” हाही प्रश्न आला. मे महिना होता.

पूर्वी एवढं नव्हतं. मार्च २०२० मध्ये फोन लावला की घंटी वाजण्याआधी कुणीतरी खोकायचं, आठवतं? त्यानंतर सूचना. रोज दहा-वीस वेळा तो ठसका कानात गेल्यामुळे असेल, पण तेव्हापासून कुणी खोकलं की माना वळतात. मीही वळवते. दुसऱ्याच्या मुलाचा खोकला मला आजही आपल्या मुलापेक्षा ओला ऐकू येतो.

डॉक्टरांचं म्हणणं सोपं आहे. साध्या सर्दीचा संसर्ग पहिले काही दिवस जास्त पसरतो, मागे राहिलेला खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. म्हणजे नाक गळत असतं, अंग कोमट असतं, तेव्हा घरी बसायचं. नंतर कडेची खुर्ची धरायची, कोपरात खोकायला शिकवायचं आणि बाहेर पडायचं. आमचं बहुतेकदा उलटं होतं. पहिल्या दिवशी ‘जरा शिंकतोय, त्यात काय’ म्हणून मूल शाळेत जातं, आणि दहाव्या दिवशी, जेव्हा त्याच्यापासून फारसा धोका उरलेला नसतो, तेव्हा आवाजामुळे अख्खा वर्ग त्याच्याकडे बघतो. शाळेच्या ग्रुपवर ‘आजारी मुलांना पाठवू नये’ असा मेसेज येतो, त्याला मी अंगठा देते. जिच्या सीएल संपल्यात तीही देते, आणि पोराला डबा भरून पाठवते. तिला बोलायचं माझं तोंड नाही.

खरी कसोटी लागली ती बारशाला. नाशिकच्या मावसबहिणीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं, आणि आमचा सातवा दिवस. बारा दिवसांच्या बाळापुढे माझं ‘कोरडा आहे हो’ चालत नाही. डांग्या खोकल्याची पहिली लस बाळाला मिळते ती दीड महिन्याची झाल्यावर. तोवर त्या पाळण्यात सगळ्यांनी वाकून बघायचं, गालाला हात लावायचा. आमचा खोकला डांग्या नव्हता, पण त्या बाळाला साधी सर्दीही जड.

मी फोन केला. “मूल खोकतंय, आम्ही येत नाही.” पलीकडे शांतता. आपल्याकडे हे वाक्य खरं मानायची पद्धत नाही. ‘तब्येत बरी नाही’सारखंच ते ऐकलं जातं, म्हणजे मानपानात काहीतरी राहिलं. बहिणीच्या सासूबाई फोनवर आल्या. “अगं, एवढंच ना? खोकला काय कुणाला होत नाही? ये तू, त्याला आतल्या खोलीत बसवू.”

“नको हो काकू. त्याला आतल्या खोलीत बसवता येत नाही.”

“रागावली नाहीस ना?”

हे तीनदा झालं. चौथ्यांदा बहिणीनेच फोन घेतला आणि हळूच म्हणाली, “बरं झालं बाई. बाकीच्यांना मला सांगता येत नाहीये.”

तर आम्ही बारसं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फोन कुणीतरी पाळण्याजवळच्या खिडकीत टेकवला होता. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्याबाई वाकल्या, बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ केलं, नाव ऐकायला सगळ्या बायका चिडीचूप झाल्या.

आणि आमच्याकडून ठसका गेला. स्पीकरवरून, फुल आवाजात. तिथल्या पंधरा-वीस बायकांनी एकदम माना वळवून एकमेकींकडे पाहिलं. घुगऱ्यांची वाटी घेतलेल्या एका मुलाला त्याच्या आईने चटकन मागे ओढलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, फोन उचलला गेला, आणि पडदाभर काकूंचा चेहरा.

“आलं दिलंस का गं त्याला?”