पाणंदी मॅपवर टाकताना

आमच्या माण तालुक्यात मेन रोड सोडला की मॅपवर बऱ्याचदा वाडी दिसते पण तिथं जायचा रस्ताच नसतो, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर पाणंदी टाकायला घेतल्यात. २००४ पासूनचा हा मॅप कुणीपण एडिट करू शकतं, ऑस्मअँडसारखी ॲप त्याच्यावरच चालतात. फक्त गुगल मॅप बघून कॉपी मारायचं नाही, लायसन्समध्ये बसत नाही ते.

सॅटेलाईट फोटोवर रेघ ओढणं सोपंय हो. पण दोन रस्ते स्क्रीनवर चिकटलेले दिसले तरी दोघांचा मिळून एक नोड (म्हणजे रेघेवरचा ठिपका) नसेल तर नेव्हिगेशनच्या लेखी ते जोडलेलेच नाहीत, मग बसतंय तुम्हाला पार दहिवडीवरनं फिरवत. ट्रॅक्टरची पाणंद असेल तर रस्त्याचा प्रकार 'ट्रॅक' टाकायचं आणि सरफेस माती, नाहीतर पाव्हण्यांची गाडी पावसाळ्यात काळ्या रानात रुतली म्हणूनच समजा.

बाकी जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. परवा एका वस्तीवर आज्जी म्हणल्या, "तिकडनं नको जाऊ बाळा, भावकीत केस चाललीय, तार मारलीया." आता हे कुठल्या सॅटेलाईटला दिसणार? मॅपवर तिथं कुंपण टाकलं आणि ओढ्याकडनं रस्ता विचारत निघालो.