टेकलेले आणि चिकटलेले

अल्ट्रासाउंड तपासणीत पडद्यावरचा प्रतिध्वनी एका जागी अचानक दुप्पट उंच झाला आणि मी प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे आणि टिपणारे टोक, तिथेच धरून थांबलो. धातूच्या पट्टीवर झिर्कोनिया या सिरॅमिकचा ०.३ मिलिमीटर जाडीचा लेप होता. त्यावर भेग नव्हती, फुगवटा नव्हता, बोट फिरवले तर सगळीकडे सारखाच खरखरीत लागत होता.

लेप धातूला नीट चिकटला आहे का, हे आम्ही धातूच्या बाजूने तपासत होतो, कारण लेपाच्या बाजूने पाहिले तर एवढ्या पातळ थराचे वरचे आणि खालचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, शिवाय फवारलेल्या लेपातली सूक्ष्म छिद्रे लहरी विखुरतात ती वेगळीच. जोड पक्का असेल तर लहरींचा काही भाग लेपात शिरतो आणि उरलेला परततो; मध्ये हवेचा अगदी पातळ थर आला, तर जवळजवळ सगळ्याच लहरी माघारी येतात.

सहकाऱ्याने तिथे क्लॅम्प आवळला. प्रतिध्वनी हळूहळू खाली उतरला, सैल करताच पुन्हा वर गेला.

तो म्हणाला, "सर, हे नुसतं टेकलंय, चिकटलेलं नाही."

तेव्हापासून डोक्यात घोळते आहे ते हे, की घट्ट टेकलेल्या जागेतून लहरी चिकटलेल्या जागेइतक्याच सहज पार होऊ शकतात, आणि सकाळपासून 'ठीक' म्हणून बाजूला ठेवलेल्या पट्ट्यांत अशा किती असतील हे लेप ओढून पाहिल्याशिवाय कळणार नाही. ओढून पाहिले, की ती पट्टी गेलीच.

तुम्ही अशा वेळी किती पट्ट्यांचा बळी देता?