सेंटरिंग कुठं लावलं असेल?

बुधवार, रात्री साडेदहा

उद्या स्लॅब आहे. विजापूर रोडच्या आतल्या कॉलनीतलं घर, पहिल्या मजल्याचा साडेअकराशे चौरस फुटांचा स्लॅब. संध्याकाळी जाऊन सळईखालचे कव्हर ब्लॉक बघितले, प्लेटांच्या फटी बघितल्या आणि नेहमीसारखा एकेक टेकू हातानं हलवून बघितला. मुकादम म्हणाला, "साहेब, एवढं हलवून तुम्हीच पाडताल की." पडू दे म्हटलं. आज पडला तर चालेल.

घरी आलो तर भाच्याचा फोन. दिवाळीनंतर लग्न आहे त्याचं. "मामा, तुम्ही नि मामी एवढं फिरलात, जगात बघण्यासारखी दहा ठिकाणं लिहून द्या ना." दहा! आमचं फिरणं ते केवढं. मुलगी जर्मनीत असते म्हणून दोनदा युरोप झाला. एकदा इस्तंबूल, एकदा टूरवाल्यांबरोबर उझबेकिस्तान आणि एक दुबई. ही आतून ओरडली, "त्याला स्वित्झर्लंड सांगा, बर्फ सांगा. तुमचे घुमट सांगू नका, पोराचं लग्न मोडेल."

तिचंही खरं आहे. पण लोक देश बघायला जातात, मी छप्पर बघायला जातो, त्याला काय करणार? ही खोड लागली विजापुरात. सोलापुरातल्या शाळेची सहल कधी ना कधी विजापूरला जातेच, शंभर किलोमीटर तर अंतर. सहावीत असताना आम्ही गदगच्या मीटरगेज गाडीनं गेलो होतो. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. गोलघुमटात बाकीची पोरं वरच्या सज्जात स्वतःची नावं ओरडून ती सात वेळा परत येतात का ते मोजत होती. मी खालीच, मान वर करून. वडील गवंडी होते. सुट्टीत त्यांच्या हाताखाली जायचो, त्यामुळं एवढं कळत होतं की कमान बांधायची तर खाली लाकडाचा फर्मा लागतो. मग एवढ्या घुमटाला सेंटरिंग कुठं लावलं असेल? एवढ्या उंच बल्ल्या आणल्या कुठून? सरांना विचारलं. सर म्हणाले, "डबा खाल्लास का?"

निम्मं उत्तर डिप्लोमाला गेल्यावर मिळालं. घुमटाचा व्यास बाहेरून ४४ मीटरच्या आसपास, आणि खालची खोली मात्र चौकोनी. चौकोनावर गोल बसवायचा कसा? तर दोन चौकोन एकमेकांवर तिरके टाकल्यासारख्या आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्या आणि वर जाता जाता त्यांनी चौकोनाचा गोल केला. मधे खांब एकही नाही. ज्याची कबर आहे तो मुहम्मद आदिलशाह १६५६ ला गेला. म्हणजे हे सगळं ओळंबा, दोरी आणि चुन्याच्या घाणीवर.

उरलेलं निम्मं उत्तर मिळायला फ्लॉरेन्सला जावं लागलं. तिथल्या कॅथेड्रलचं काम १२९६ ला सुरू झालं. घुमट घालायचं ठरलेलं होतं, पण ४५ मीटरचा गाळा झाकायचा कसा हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तेवढ्या सेंटरिंगला लाकूडच मिळेना. शेवटी ब्रुनेलेस्की नावाचा माणूस पुढं आला. धंद्यानं सोनार! म्हणाला, सेंटरिंगशिवाय बांधतो. १४२० ते १४३६, सोळा वर्षांत बांधून दाखवला. घुमट दुहेरी आहे, एकात एक दोन टरफलं, आणि दोन्हींच्या मधल्या जिन्यानं आपण वर चढतो. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. मी गुडघा धरून चढलो, ही खाली चौकात आइस्क्रीम खात बसली. वर जाताना भिंतीच्या उघड्या विटा दिसतात. मधूनमधून उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारखी चाल केलीय, त्यामुळं मसाला ओला असतानाही वीट घसरत नाही. प्रत्येक थराचं कडं पुरं झालं की ते आपलं आपण उभं राहतं. माझ्यामागं एक जपानी आजोबा होते. मी विटांवरून हात फिरवत एका जागी एवढा वेळ थांबलो की शेवटी त्यांनीही हात लावून बघितला.

माल वर चढवायला त्यानं बैलांचा रहाट केला होता. चक्र बदललं की ओझं खाली यायचं, त्यासाठी बैल सोडून उलटे जुंपायचे नाहीत. हे वाचल्यावर मला वडील आठवले. त्यांनी या माणसाला बसवून चहा पाजला असता.

भाच्याला पहिलं नाव फ्लॉरेन्स. घुमटाच्या तिकिटाला दिवस आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, हेही लिहायला हवं.

गुरुवार, रात्र

पहाटे पाचला मिक्सर सुरू केला. मे महिन्यात आमच्याकडं अकरानंतर खडी हात लावून देत नाही. साडेअकरापर्यंत बराचसा भरत आला. आणि अडीचला वळीव! आधी धूळ, मग वारा, मग असे टपोरे थेंब की ताज्या काँक्रीटवर खड्डे पडायला लागले. ताडपत्र्या होत्या, पण एक उडाली. चार बिगारी तिच्या चार कोपऱ्यांवर बसले, पाचव्याला मी बसवलं, मग मीही बसलो. वीस मिनिटांत सगळं थांबलं. कोपऱ्यात थोडी सिमेंटची साय धुतली गेली, ते पुन्हा थापी मारून सारखं केलं.

चहा घेताना मुकादमाला मोबाइलवर पँथिऑनचा फोटो दाखवला. रोममधलं हे देऊळ हेड्रियन बादशहाच्या काळातलं, इसवी सन १२६ च्या सुमारास पुरं झालेलं. घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर, आणि फरशीपासून वरपर्यंत उंचीही तेवढीच, आत आख्खा चेंडू मावावा. सगळं काँक्रीट, आणि त्यात सळई म्हणून नाही. बिनसळईचा एवढा मोठा काँक्रीटचा घुमट आजही जगात दुसरा नाही. माथ्यावर मधोमध भलं मोठं गोल भोक, उघडंच. मुकादमानं फोटो बोटांनी मोठा करून नीट बघितला. म्हणाला, "काम अर्धवट सोडलंय की, साहेब. बिल अडकलं असंल."

मी हसलो, पण भोक पडलं म्हणूनच माथ्यावरचं वजन कमी झालं हे त्याला लगेच पटलं. खाली भिंतीजवळ घुमटाची जाडी सहा मीटरच्या वर आहे आणि भोकाच्या कडेला सव्वा मीटरच्या आत. खडीसुद्धा बदलत नेली आहे. खालच्या थरांत जड, वर वर हलकी, शेवटी ज्वालामुखीचा तो भोकाभोकांचा दगड, ज्यानं आपण पायाच्या टाचा घासतो. आतून चौकोनी खोबणींच्या पाच रांगा आहेत, प्रत्येकीत २८. नुसती नक्षी नव्हे, तेवढा मालही वाचला. आम्ही सळईवरचं काँक्रीटचं कव्हर जरा कमी पडलं की वाद घालतो, आणि यांनी एकोणीसशे वर्षांपूर्वी हे गणित घातलं.

आम्ही गेलो तेव्हाही पाऊस होता. भोकातून सरळ खाली पडत होता, मधोमध एक पांढरा खांब उभा केल्यासारखा. तेवढ्या जागेभोवती दोरी लावली होती आणि लोक दोरीला टेकून पाऊस बघत होते. फरशी मधे जराशी उंच आहे, तिला बारीक भोकं आहेत, पाणी तिथून जातं. मुकादमानं एकच विचारलं, "गळती नाही ना कुठं?" नाही म्हटलं. पूर्वी तिकीट नव्हतं, २०२३ ला पाच युरोंचं लावलं. घेऊ देत.

शुक्रवार

सकाळी स्लॅबवर आळी करून पाणी सोडलं. भाच्याला यादी अजून पाठवली नाही, सकाळपासून दोनदा त्याचं प्रश्नचिन्ह आलं.

इस्तंबूल लिहिलं आणि थांबलो. आया सोफियाबद्दल काय लिहू? बादशहा जस्टिनियननं ती चर्च म्हणून पाच वर्षांत उभी केली, ५३२ ते ५३७. घुमट ३१ मीटरचा. त्याच्या बुडाशी ४० खिडक्या, उजेड आत आला की घुमट भिंतीवर टेकलेला वाटतच नाही. सगळे तेवढंच बघतात. मी बघत होतो ते झुकलेले खांब. त्या घुमटाच्या जोरानं भिंती बाहेर कलल्या, भूकंप झाले आणि ५५८ ला घुमट खाली आला. २१ वर्षं टिकला फक्त. दुसरा बांधताना मुद्दाम उंच घेतला, म्हणजे जोर बाहेर कमी जातो. तो ५६२ ला पुरा झाला. पुढंही दोनदा काही भाग पडला, दोनदा दुरुस्त केला. नंतर सिनान या उस्मानी स्थपतीनं बाहेरून टेकू द्यावेत तसे जाड दगडी आधार दिले. लोक त्या आधारांना कुरूप म्हणतात. मला ती इमारत त्यांच्यामुळंच जवळची वाटली.

कारण माझाही एक पडलाय. १९९४. किल्लारीच्या भूकंपानंतरचं वर्ष, माळवदाखाली झोपायची लोकांना धास्ती, ज्याला त्याला स्लॅब पाहिजे आणि तोही लगेच. बार्शीकडच्या एका खेड्यात स्लॅब भरताना एका कोपऱ्यातले टेकू खचले. खाली फळी न घालता बल्ल्या नुसत्या ओल्या मातीवर उभ्या केल्या होत्या. सेंटरिंगवाल्यानं केलं, पण बघायचं काम माझं होतं आणि मी जेवायला गेलो होतो. कुणाला लागलं नाही, एक बिगारी वेळेवर उडी मारून सुटला. ओलं काँक्रीट खाली येतं त्याचा आवाज मोठा नसतो. धान्याचं पोतं टाकल्यासारखा येतो. घरमालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. दुसऱ्यांदा माझ्या खर्चानं भरून दिला.

हे हिला माहीत आहे, म्हणून इस्तंबूलला मी तासभर बसून राहिलो तरी काही म्हणाली नाही. त्याचा वचपा तिनं बाजारात काढला. तिथं हमामचे टॉवेल विकतात, सुती, पातळ. हिनं चिमटीत धरून बघितला, उलटा केला, काठ ओढला आणि दुकानदाराला मराठीत सांगितलं, "आमच्या सोलापूरला ये, दाखवते." त्या टॉवेलांपायी एडिर्नेला जायचं राहिलं. सिनाननं म्हातारपणी तिथं सेलिमिये मशीद बांधली, तिचा घुमट आया सोफियाच्या तोडीचा. तो अजून बघायचाय.

समरकंद एका दमात सांगतो. निळा, खरबुजासारख्या फाकांचा गुर-ए-अमीर, तैमूरची कबर. संध्याकाळी जावं. बीबी खानम मशिदीत मात्र मला घाईचा वास आला. दिल्ली लुटून परतल्यावर तैमूरनं ती काढली, १३९९ ला, दगड वाहायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती. पाचेक वर्षांत उभी केली आणि लवकरच वरून विटा पडायला लागल्या. मालकाला उद्घाटनाची घाई, दुसरं काय. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, नान रोटी झकास, खर्चही युरोपएवढा नाही. भाच्याच्या खिशाला हेच बरं.

दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर, पण वरून मला धूळच दिसली. एकच आवडलं: उन्हाळ्यात तिथलं काँक्रीट रात्री भरायचे आणि पाण्यात बर्फ घालायचे. पुढच्या वेळी मालक म्हणाला, दुपारी भरून टाका, तर हे सांगेन.

दुपारी यादी पाठवली. दहाची पाचच झाली: फ्लॉरेन्स, रोम, इस्तंबूल, समरकंद आणि सगळ्यात वर विजापूर. पाच मिनिटांत उत्तर आलं. "मामा, विजापूर सीरियसली? बाली कसं आहे?" मी काही लिहिलं नाही. हिनं माझा फोन घेतला आणि बालीबद्दल तिनंच काहीतरी लांबलचक लिहिलं. ती गेली नाहीये बालीला.

रविवारी मुकादमाला घेऊन विजापूरला जातोय. स्लॅबला पाणी मारायला पोरगं ठेवलंय. मुकादमाचं गाव इंडीच्या अलीकडं, तरी घुमटात कधी गेला नाही म्हणे. पहाटेच निघू, म्हणजे सहलीची पोरं ओरडायला लागायच्या आत वर पोचू. जाताना विचारत होता, टेप घेऊ का.