580 चा बायस, मीटर म्हणतंय 395

स्टॅक्स या जपानी कंपनीचे जुने लॅम्बडा प्रो हेडफोन हाती लागले खरे, पण ते साध्या जॅकला वाजत नाहीत. आतला पडदा केसापेक्षा कितीतरी पातळ, त्याला 580 व्होल्टचा बायस (म्हणजे पडदा चार्ज ठेवणारं स्थिर व्होल्टेज) द्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्यांना शेकडो व्होल्टचा उलटसुलट सिग्नल. त्यासाठी लागणारा तयार ॲम्प परवडत नव्हता, म्हणून असे ॲम्प डिझाइन करणाऱ्या केविन गिलमोर यांच्या डिझाइनवरचा ±400 व्होल्टचा घरीच बांधायला घेतला.

ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेतल्या वाइंडिंगवाल्या काकांकडे दिला. सेकंडरीला 330-0-330 व्होल्ट हवेत हे ऐकून म्हणाले, "व्हॉल्व्हचा ॲम्प का?" म्हटलं नाही काका, हेडफोनसाठी. "म्हणजे कानाला लावणार? मग थांब जरा." आणि मी न मागता त्यांनी प्रायमरी-सेकंडरीमध्ये इन्सुलेशनचे जास्तीचे थर घातले, तांब्याच्या पत्र्याची स्क्रीन टाकली आणि अर्थिंगची वायर वेगळी काढून दिली. काकांचे उपकार मी विसरणार नाही.

आधी नुसता पॉवर सप्लाय चालू केला, तोही 60 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून. बल्ब भपकन पेटला आणि मंद होत गेला, म्हणजे शॉर्ट नाही. मला खरी भीती होती ती कपॅसिटरची, 470 मायक्रोफॅरड 460 व्होल्टवर म्हणजे जवळपास 50 ज्यूल, जीव घ्यायला पुरे. चार्ज उतरावा म्हणून समांतर 200 किलो-ओहमचा रेझिस्टर लावला होता तरी स्विच बंद करून एका मिनिटाने मोजलं तर मीटरवर अजून 240 च्या आसपास! तेव्हापासून नियमच केला, बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, मग मोजायचं, आणि मोजताना डावा हात खिशात. आईला सांगून ठेवलं होतं की दार लोटलेलं असेल तर हाक मारू नकोस, दचकलो तर पंचाईत.

सगळ्यात जास्त छळलं ते बायसने. सॉकेटवर 580 यायला हवे तर 395 दिसत होते, दोन रात्री मी डायोड बदल, कपॅसिटर बदल, सोल्डरिंग परत कर असं करत बसलो आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना लक्षात आलं की बायसच्या वाटेत 4.7 मेगाओहमचा रेझिस्टर आहे (चुकून हात लागला तर करंट 0.12 मिलिअँपच्या वर जाऊ नये म्हणून) आणि माझं मीटर स्वतःच 10 मेगाओहमचं, म्हणजे मीटर लावलं की व्होल्टेज वाटलं जाणारच! 580 गुणिले 10 भागिले 14.7, बरोब्बर 395. काहीच बिघडलं नव्हतं.

मग ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटवर उरणारं डीसी व्होल्टेज. हीटसिंक तापतं तसा तो सरकतो, त्यामुळे अर्धा तास तापू देऊन ट्रिमपॉट (कमी-जास्त करता येणारा छोटा रेझिस्टर) फिरवायचा, परत थांबायचं, परत फिरवायचा, असं करत चारही आउटपुट एक-दोन व्होल्टच्या आत आणले.

रात्री अकराला हेडफोन लावला. पडदा चार्ज व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ आवाज अगदी बारीक होता, मग हळूहळू भरत आला. तानपुरा लावला होता, एकेका तारेची जवारी सुटी सुटी ऐकू येत होती. आईला उठवून तिच्या कानाला लावला.