निळ्या रेघेची जाडी

यंदा एका विद्यार्थिनीच्या पदव्युत्तर प्रबंधाची मार्गदर्शक या नात्याने मला पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या काठाने पुष्कळ चालावे लागले. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा मुठेला मिळेपर्यंत त्याच्या दोन्ही काठांची मोकळी जागा कशी राखता येईल, असा तिचा विषय होता. पहिल्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाला, तिने लावलेल्या नकाशावर मात्र ओढा म्हणजे एकसारख्या जाडीची निळी रेघ होती आणि शेजारी लिहिले होते, 'नाला'.

ओढा आणि नाला यांतला फरक मला किरकोळ वाटत नाही. नाला म्हटले की त्याची रुंदी ठरवता येते, दोन्ही बाजूंना भिंती घालता येतात आणि सोयीचे असेल तिथे वर स्लॅबही टाकता येतो. ओढ्याला काठ असतो, आणि पावसाळ्यात तो काठ कुठवर सरकेल हे ओढाच ठरवतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीच्या पुरात पुण्याने ते पाहिले.

अरण्येश्वर परिसरातल्या एका घराच्या मागच्या भिंतीवर, रंगाच्या नव्या हाताखालूनही, त्या रात्रीची मातकट खूण अजून दिसते. घरातल्या आजींनी तिच्यावर बोट ठेवून सांगितले, "बाळा, इथवर पाणी. आम्ही माळ्यावर." विद्यार्थिनीने ओट्यापासून टेप लावून उंची मोजली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषांमधले, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर सहसा २० मीटर असते; माणूस बुडायला दोन मीटर पुरतात. आमच्या संशोधनाला हवी असलेली सगळी उंची त्या दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत हरवलेली होती, आणि ती शोधायला आजींच्या भिंतीपर्यंत जावेच लागले.

ओढा 'मूळ रूपात' परत आणावा, ही मागणी मला भाबडी वाटते. पेठांना पुराचा त्रास होतो म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळातच पर्वतीजवळ त्याचा प्रवाह वळवला गेला, आणि आज सारसबाग आहे तिथे तळे झाले. त्याच काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा भुयारी नळ बांधला गेला. त्यात पंप नव्हता, पाणी केवळ उतारावर वाहत आले. ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी बांधलेले उच्छ्वास अजून काही ठिकाणी सापडतात. हे पेशवाईचे गोडवे नव्हेत. उतार वितीवितीने वाचल्याशिवाय असे काम होत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. आमच्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर उत्तम येते, पण पाण्याची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी कशी धरायची हे मला जागेवर शिकवावे लागले.

दुसऱ्या ज्युरीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "यात डिझाइन कुठे आहे?" तिने सेक्शन, म्हणजे ओढा आणि काठ आडवे कापून दाखवणारे चित्र, पुढे सरकवला. निळा रंग भिंतीपाशी थांबला नव्हता. फिकट होत तो आजींच्या ओट्यावर चढला होता, आणि शेजारचा 'नाला' खोडून तिने हाताने 'ओढा' लिहिले होते.