मठातल्या पोफळी

रेवदंड्याच्या कोटात कुठून शिरायचं, असं विचारलं की गावकरी हसतात, कारण विचारणारा बहुतेक वेळा कोटातच उभा असतो. गाडीरस्ता तट भेदून आत येतो आणि घरं, दुकानं, वाड्या सगळं तटाच्या पोटात. पोर्तुगीजांनी इथे १५१६ मध्ये वखार घातली, पुढे कोट बांधला. मग फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा एकेका पंथाच्या पाद्र्यांनी कोटात आपापली चर्चं नि मठ उभारले. १७४० मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं आणि मठांना वाली उरला नाही.

वाडीला मात्र वाली आहे. पडक्या भिंतींकडे जाणारी वाट कुणाच्या तरी नारळी-पोफळीतूनच जाते.

“काकू, आत जाऊ का?”

“जा ना. पाटात पाय नका घालू तेवढा, आत्ताच पाणी सोडलंय.”

पाणी पोफळीच्या आळ्यांमधून निवांत फिरत होतं. भिंतीजवळ गेलं की काळे दगड आणि मधला चुना दिसतो. त्या फटीत पिंपळाने मूळ घातलंय, मनगटाएवढं. तेच मूळ भिंत फोडतंय आणि सध्या तरी तेच तिला धरूनही आहे. कमानीखाली सुकलेल्या विऱ्यांचा, म्हणजे पोफळीच्या झावळांच्या रुंद देठांचा, ढीग. एका विरीवर धाकट्याला बसवून थोरला फरफटत नेत होता, बहुधा जिथे पूर्वी प्रार्थना चालत असेल तिथूनच.

जुन्या वास्तूंभोवती हिरवळ लावायची, दोरी बांधायची, ‘फुले तोडू नयेत’ची पाटी ठोकायची, याला आपल्याकडे सुशोभीकरण म्हणतात. मला ते लग्नाच्या हॉलसारखं वाटतं. इथली बाग पोटासाठी आहे, म्हणून ती रोज कुणीतरी बघतं, आणि बागेसोबत आपसूक मठही बघितला जातो. पुरातत्त्ववाल्यांना हे पटणार नाही, आणि पिंपळाच्या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे.

गंमत म्हणजे कोपऱ्यातली पपई, कुंपणालगतचा अननस, परसातली मिरची, पलीकडचा काजू हे सगळे मूळचे अमेरिकेतले. आपल्याकडे आले ते पोर्तुगीजांच्या जहाजांतून. उलट इकडचा नारळ त्यांनी अटलांटिकच्या किनाऱ्यांवर नेला. कोट हातचा गेला, पण पपईला ठाणं सोडायला कुणी सांगितलं नाही.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा, गावाच्या भाषेत सातखणी, अजून माडांच्या वर डोकं काढून आहे. वरचे काही खण मात्र गेलेत. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रायगडातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकूंच्याही पोफळी गेल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर नुसतं शिंपणं.

कोवळ्या रोपांना दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन सोसत नाही, खोडं करपतात. म्हणून मध्ये केळी लावतात. काकूंनी नवी रांग भिंतीच्या पूर्वेला धरली आहे.

“तिथे केळ कशाला हवी? उन्हं कलली की पाद्र्यांची भिंत आहे की आडवी,” त्या म्हणाल्या, आणि पाट दुसऱ्या आळ्याकडे वळवायला गेल्या.