दोन हजार बाकी

आज परभणीतून तांब्याची तार आणली, नगदी. उधारीवर कुणी देत नाही. परवा रात्रभर जागून एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटार भरली: जळालेलं वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेढे, काढा, स्लॉट साफ करा, एकेक वेढा मोजून घाला. न्यायला आले तर म्हणाले, "भाऊ, तारच तर गुंडाळली, एवढे कशाचे?" दोन हजार बाकी ठेवले, सोयाबीन विकल्यावर देतो म्हणून.

शेतकऱ्याची अडचण मला कळते, मीही त्याच घरातला. पण विजेच्या तीन फेजपैकी एक गेल्यावर मोटार उरलेल्या दोनवर चालत राहिली, म्हणून जळाली. फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर बसवा, हे मागच्याच वर्षी सांगितलं होतं. तरी "तुमचं कामच कच्चं" हे सगळ्या गल्लीसमोर ऐकावं लागलं. पैशापेक्षा तेच लागलं. जेवण गेलं नाही.